लहान, हलकी, ऍव्हरेज देणारी गाडी : पुन्हा दिवस येतील का?

कृष्णाकाठ (सांगली) – धागाकर्ता

नमस्कार मंडळी.

घरची जुनी हॅचबॅक या वर्षी बदलायची आहे. राहायला विश्रामबाग, नोकरी कुपवाड एमआयडीसीत, अधूनमधून पुणे, सुट्टीत कोकण. महिन्याला हजारभर किलोमीटर पडतात. घरात आम्ही दोघं, मुलगी आणि आई. एवढ्या वापराला लहान पेट्रोल गाडी पुरून उरते, असं माझं ठाम मत आहे.

शोरूममध्ये मात्र वेगळंच चित्र. लहान गाडी कोपऱ्यात उभी, तीही एकच, आणि टेस्ट ड्राइव्हला नाहीच. सेल्समन पाच मिनिटांत उंच गाडीकडे (एसयूव्हीकडे) घेऊन जातो. "सर, हप्त्यात तीन हजारांचाच तर फरक आहे." नातेवाइकांचंही तेच. आता या वयात लहान गाडी काय घेतोस?

मला हे पटत नाही. दर नवीन मॉडेल आधीच्यापेक्षा लांब, रुंद आणि जड येतं. इंजिनं गेल्या वीस वर्षांत फार सुधारली, पण त्यातला मोठा वाटा वाढलेल्या वजनानेच खाल्ला. एका माणसाला कुपवाडला पोचवायला रोज तेराशे किलो लोखंड हलवायचं आणि वर पेट्रोल परवडत नाही म्हणायचं, हे गणितच चुकीचं आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. आधी २८ टक्के आणि वर सेस (अधिभार) होता. लहान म्हणजे लांबी ४ मीटरच्या आत, पेट्रोल १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत. तेव्हापासून लहान गाड्यांचे दिवस परत आले असं सगळीकडे वाचतोय.

तर प्रश्न असा : कंपन्यांनी लहान गाडीकडे पाठ का फिरवली, आणि ही करकपात तिला खरंच परत आणेल का? अलीकडे ज्यांनी लहान गाडी घेतली असेल त्यांनी खरे ऍव्हरेजचे आकडेही द्या, माहितीपत्रकातले नकोत.

भडंगप्रेमी (सांगली)

गाडी कुठलीही घ्या, डिकीत भडंगाचं पोतं बसलं पाहिजे. पुण्याचे पाहुणे बाकी काही विचारत नाहीत.

ओव्हरड्राइव्ह (सांगली)

धागाकर्त्याशी असहमत. लोक उंच गाडी दिखाव्यासाठी घेतात हा आरोप शहरातल्या लेखांमध्ये शोभतो. सांगली-पेठ रस्त्याने ज्यांनी वर्षानुवर्षं ये-जा केली आहे त्यांना विचारा. कितीतरी वर्षं त्या रस्त्याची चाळण होती. माझ्या लहान गाडीचा चेंबर त्याच रस्त्यावर फुटला, ऑइल सगळं रस्त्यावर, रात्री आष्ट्याजवळ टोइंगची वाट बघत बसलो. दुसऱ्या वर्षी उंच गाडी घेतली. गावाकडचा बांध, शेतातला रस्ता, पावसाळ्यातले खड्डे, सगळीकडे निर्धास्त जातो. ऍव्हरेज १३-१४ मिळतं, मला चालतं. रस्ता खराब असेल तर गाडी उंच लागणारच, त्यात लोकांचा दोष नाही.

टॉर्कमिस्त्री (मिरज)

ओव्हरड्राइव्हदादा, चेंबर फुटायचं कारण खड्डा असतोच, पण अर्ध्या केसमध्ये मागं चार माणसं आणि डिकी गच्च भरलेली असते, स्प्रिंग बसलेल्या असतात. माझ्याकडं गाडी आली की मी आधी मागचा सस्पेन्शन बघतो. खाली स्टीलची जाड गार्डप्लेट लावली की लहान गाडीसुद्धा बरंच सोसते. रबर बुश वेळेवर बदला, टायरमध्ये हवा बरोबर ठेवा.

खरं ऍव्हरेज विचारलंय म्हणून सांगतो. डॅशबोर्डवरचा आकडा धरू नका. टाकी ते टाकी करा : पंपावर पहिल्यांदा नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्यावर घ्या, पुन्हा त्याच पंपावर तशीच भरा, किलोमीटरला लिटरने भागा. माझ्या गिऱ्हाइकांच्या एक लिटर इंजिनवाल्या लहान गाड्या सांगली-मिरजेत १६ ते १८ देतात, हायवेला ८० धरून चालवली तर २२-२३ सहज. एसी लावून १०० च्या वर गेला की उतरलीच. उंच गाड्या पेट्रोलमध्ये गावात ११-१२ वर येतात, मालक कबूल करत नाहीत तो भाग वेगळा.

स्लाइडरूल (सातारा)

चांगला धागा. आयुष्य पुण्यात गाड्यांच्या कंपनीत गेलं, आता निवृत्त होऊन साताऱ्यात आहे. जरा लांबण लावतो.

लहान गाडी स्वतःहून कधी आलेली नाही. दर वेळी कोणीतरी तिला आणलं आहे, कधी तेलाच्या किमतीने, कधी सरकारी नियमाने. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत पिंपाचा भाव ३ डॉलरच्या आसपासून १२ डॉलरवर गेला. तोपर्यंत अमेरिकेत पाच-सहा मीटर लांबीच्या, आठ सिलिंडरच्या गाड्या सर्रास विकल्या जात होत्या. पंपावर रांगा लागल्या, १९७४ ला देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली आणि १९७५ च्या कायद्याने कंपन्यांच्या सरासरी ऍव्हरेजला बंधन आलं. तिथल्या कंपन्यांकडे धड लहान गाडी नव्हती. जपान्यांकडे होती, कारण त्यांच्या गल्ल्या अरुंद आणि तेल सगळं बाहेरचं. होंडा सिव्हिक, टोयोटा करोला यांनी ती बाजारपेठ धरली ती कायमचीच.

पण त्याच कायद्यात एक फट राहिली. पिकअप आणि व्हॅन 'मालवाहू' धरून त्यांना सैल नियम लावले. मग कंपन्यांनी माणसं नेणाऱ्या गाड्याच ट्रकच्या सांगाड्यावर आणि ट्रकच्या नियमात बसवल्या. आजच्या एसयूव्हीची भरभराट तिथून सुरू होते. नियम ज्या मापाने मोजतो, गाडी त्या मापाला वळण घेते, हे लक्षात ठेवा.

आता आपल्याकडे. डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० आली : ७९६ सीसी, तीन सिलिंडर, वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. ती मुळात जपानच्या केई वर्गातल्या सुझुकी आल्टोच्या घराण्यातली. केई म्हणजे सरकारने आखून दिलेला लहान वर्ग. आज त्याची हद्द ६६० सीसी, लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर. त्या चौकटीत राहिलं की कर कमी. मारुती ८०० जानेवारी २०१४ मध्ये बंद झाली, तोवर तिने या देशाला गाडी चालवायला शिकवलं.

२००६ च्या अर्थसंकल्पात आपल्याकडेही लहान गाडीची व्याख्या आली, तीच ४ मीटर आणि १२००/१५०० सीसीची, आणि उत्पादनशुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आलं. लगेच गाड्या कापायला सुरुवात झाली. इंडिगोची डिकी कापून सीएस आली, २०१२ ला डिझायर आखूड झाली. आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं की ४ मीटरच्या आत गाडी *उंच* करायला कोणीच मनाई केलेली नाही. आज नेक्सॉनपासून ३एक्सओपर्यंत बहुतेक आखूड एसयूव्ही कायद्याने 'लहान'च आहेत, म्हणजे १८ टक्क्यांत बसतात. म्हणून कृष्णाकाठ, या करकपातीने तुमच्या हलक्या गाडीला वेगळं असं फार काही दिलेलं नाही. शेजारी उभी असलेली उंच गाडीही त्याच दिवशी स्वस्त झाली. मोठ्या गाड्यांचं तर २८ अधिक २२ असं ५० टक्क्यांपर्यंत जात होतं, ते ४० वर आलं.

माणदेशी

वाचनखूण साठवली. काका, तुम्ही स्वतंत्र लेख लिहा.

घाटवळण (वाई)

+१. ४ मीटरची कात्री वाचून आता प्रत्येक आखूड डिकीकडे वेगळ्या नजरेने बघेन.

पण काका, मग मारुती ८०० नंतरची लहान गाडी लोकांनीच सोडली का? नॅनो तर एक लाखात दिली होती.

स्लाइडरूल (सातारा)

घाटवळण, नॅनो मार्च २००९ ला आली, ६२४ सीसी, दोन सिलिंडर. इंजिनियर म्हणून मला त्या गाडीबद्दल फार आदर आहे. इंजिन मागे ठेवून एवढ्याशा लांबीत चार माणसं ऐसपैस बसवणं सोपं काम नव्हतं. पण 'सगळ्यात स्वस्त गाडी' हा शिक्का तिला बसला आणि गाडी घेणाऱ्याला तोच नको असतो. स्कूटरवरून गाडीवर येणारा माणूस आयुष्यात एकदा पेढे वाटतो. त्याला 'स्वस्त' हा शब्द ऐकायचा नव्हता. २०१८ मध्ये ती थांबली.

आणि दुसरं कारण हिशेबाचं आहे. एअरबॅग, एबीएस, बीएस ६ चा (धुराच्या कडक नियमांचा) एक्झॉस्ट, सेन्सर यांचा खर्च चार लाखांच्या गाडीला जवळपास तितकाच येतो जितका बारा लाखांच्या गाडीला. एप्रिल २०२० ला बीएस ६ आलं, त्यानंतर दोन एअरबॅग सक्तीच्या झाल्या. या गोष्टी हव्याच होत्या, माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण पहिली गाडी घेणाऱ्याचा पगार त्या वेगाने वाढला नाही. लहान गाडीत कंपनीला नफा कमी, मोठीत जास्त. मग कोपऱ्यात कोणती उभी राहणार?

उसाचा_फड (वाळवा)

मिस्त्री म्हणत्यात ते खरं हाय, ऍव्हरेज उतरलंय. आता सगळीकडं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. आमच्या भागातल्या कारखान्यांनी डिस्टिलऱ्या वाढवल्या त्या याच्यावरच. साखरेला भाव नसला तरी इथेनॉलचे पैसे वेळेवर येत्यात, म्हणून ऊसबिलं जरा बरी निघत्यात. लोक इथेनॉलला शिव्या घालत्यात तेव्हा वाईट वाटतं राव. त्या लिटरमधला काही भाग आपल्याच रानातनं गेलाय, आखातातनं आलेला न्हाई.

टॉर्कमिस्त्री (मिरज)

उसाचा_फड, शेतकऱ्याला पैसे मिळालेच पाहिजेत, त्यात वाद नाही. पण गिऱ्हाईक माझ्या दारात येऊन भांडतं त्याला मी काय सांगू? २०१५-१६ च्या गाड्यांचे रबरी होज आणि सील मी जास्त बदलायला लागलोय. ज्यांच्या गाड्या जुन्या त्यांनी पेट्रोलचा पाइप एकदा तपासून घ्या.

स्लाइडरूल (सातारा)

इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश असते. म्हणजे २० टक्के मिसळलं की लिटरमधली ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही जुन्या धाटणीच्या चारचाकींना ६-७ टक्के आणि इ२० साठी (२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी) जुळवलेल्या इंजिनांना १-२ टक्के घट धरली होती. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असल्याने त्याच्यासाठीच बनवलेलं इंजिन थोडंफार भरून काढतं. नवीन गाडी घेणाऱ्याने काळजी करू नये, जुनी असेल तर मिस्त्रींचं ऐकावं.

आणि मुद्दा लहान गाडीच्याच बाजूने जातो : लिटरमधली ऊर्जा कमी झाली तर हलक्या गाडीला कमी लिटर लागतात, तिचा तोटाही तेवढा लहान.

विटेकरीण

मी शिक्षिका. रोज विट्याहून एका वाडीवरच्या शाळेत जाते. आधी एसटी, मग स्कूटी, आता सहा वर्षं लहान गाडी. पावसात भिजणं संपलं, घाटमाथ्यावरची थंडी संपली, दोन सहकारी शिक्षिका बरोबर येतात आणि पेट्रोल तिघींत वाटून घेतो.

इथल्या चर्चेत एक गोष्ट राहून गेली आहे. घरात मोठी गाडी असते तेव्हा ती बहुतेक वेळा पुरुषाची असते. "तुला नाही झेपायची, मागचं दिसत नाही" म्हणून बाईच्या हातात येतच नाही. लहान गाडी बायकांच्या हातात आली. माझ्या ओळखीतल्या जितक्या जणी गाडी चालवतात त्या जवळपास सगळ्या हॅचबॅकवर शिकल्या. साताऱ्याला माझं माहेर आहे, मंगळवार तळ्याजवळ. त्या बोळांत, मोती चौकाच्या गर्दीत, दिवाळीच्या आदल्या दिवशी मी गाडी घालते आणि लावते. मोठ्या गाड्यांचे मालक राजवाड्याला लावून चालत येतात. ऍव्हरेज १९ च्या आसपास.

भडंगप्रेमी (सांगली)

ताई, मोती चौकात दिवाळीच्या आदल्या दिवशी पार्किंग? तुमचा सत्कार केला पाहिजे, कंदी पेढ्यांनी.

ओव्हरड्राइव्ह (सांगली)

विटेकरीणताईंचा मुद्दा मान्य. पण सुरक्षिततेचं काय? हायवेला रात्री ट्रकच्या मध्ये असताना मला माझ्या मुलांभोवती भरपूर पत्रा हवा आहे. खंबाटकी उतरताना मागून ट्रक येतो तेव्हा आठशे किलोची गाडी आणि चौदाशे किलोची गाडी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. यावर पेट्रोलचा हिशेब सांगू नका.

स्लाइडरूल (सातारा)

ओव्हरड्राइव्ह, मुलांची काळजी बरोबरच आहे. दोन गाड्या समोरासमोर आदळल्या तर जड गाडीतल्याला कमी धक्का बसतो, हे भौतिकशास्त्र आहे, नाकारता येत नाही. भारत एनकॅप, म्हणजे गाडी आदळवून तिला सुरक्षिततेचे तारे देणारी चाचणी, ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालं. त्यातली समोरची चाचणी ताशी ६४ किमीने न हलणाऱ्या अडथळ्यावर होते, म्हणून लहान गाडीचे पाच तारे आणि मोठीचे पाच तारे एकमेकांशी तोलता येत नाहीत. हे माहीत असावं.

पण दुसरी बाजूही आहे. पत्र्याची जाडी जीव वाचवत नाही, सांगाड्याची रचना वाचवते : कुठे चेपायचं आणि कुठे अजिबात चेपायचं नाही. २०२४ ची डिझायर काही जड नाही, तिला ग्लोबल एनकॅपने प्रौढांसाठी पाच तारे दिले. आल्टो के१० ला २०२५ पासून सहा एअरबॅग आहेत. शिवाय तुमची गाडी जड झाली की दुचाकीवरचा आणि लहान गाडीतला माणूस जास्त धोक्यात येतो. मग तोही जड गाडी घेतो. ही शर्यत कुठे थांबणार? आपल्या रस्त्यावरच्या वाहनांत निम्म्याहून जास्त दुचाकी आहेत. त्यांच्यावरच्या माणसांचाही विचार झाला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

घाटवळण (वाई)

आणि मागे बसणाऱ्यांनी पट्टा लावा हो. कोणतीही गाडी असो. आमच्या पसरणी घाटात मागची मुलं उभी राहून खिडकीतून बघत असतात, बघवत नाही.

एमएच५० (कराड)

लहान गाडी + सीएनजी, हे कोणी बोललंच नाही. कंपनी फिटेड घेतली आहे. माहितीपत्रकात किलोला ३४ किमी, मला कराड-सातारा-कराड २८-२९ मिळतात. पेट्रोलपेक्षा खर्च चांगलाच कमी येतो. दोन तोटे. एक, डिकी गेली. तासगावहून बेदाण्याचे चार बॉक्स आणायचे तर मागच्या सीटवर ठेवतो. आता काही कंपन्या एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या खाली बसवतात, त्यात डिकी वाचते, ते बघा. दोन, रांग. संध्याकाळी पंपावर प्रेशर उतरलेलं असतं, टाकी पूर्ण भरत नाही. मी सकाळी सहाला जातो, दहा मिनिटांत काम होतं.

घाटात सीएनजीवर गाडी जरा ओढत नाही, पेट्रोलवर टाकायची.

यवतेश्वर (सातारा)

अवांतर होतंय, पण काकांनी स्कूटरवरून गाडीवर येणाऱ्या माणसाचा उल्लेख केला म्हणून. कमी इंधनात कुटुंब हलवायचं काम आपल्या साताऱ्याने पूर्वी करून दाखवलं आहे. प्रिया स्कूटर! महाराष्ट्र स्कूटर्स, पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांची भागीदारी, १९७५ ची. कारखाना आपल्या एमआयडीसीत. माझे वडील तिथे जुळणीला होते. पुढे मुलगा उभा, मागे बायको, तिच्या मांडीवर लहान मूल, पायांत भाजीची पिशवी. सकाळी सुरू व्हायची नाही तेव्हा डावीकडे तिरकी करून मग किक मारायची, मागच्या चाकाजवळ उजवीकडे इंजिन असल्याने ती तशीही जरा कललेलीच असायची. भोंगा वाजला की पोवई नाक्यापर्यंत स्कूटर आणि सायकलींची रांग.

माणदेशी

प्रिया! आमच्या घरी हिरवी होती. स्टेपनी असलेली दुचाकी आता मुलांना सांगूनही खरी वाटत नाही.

भडंगप्रेमी (सांगली)

धागा साताऱ्याला पोचला. सांगलीकरांनो, परत आणा.

टॉर्कमिस्त्री (मिरज)

आणतो. सांगलीत गाडी घेताना पुराचा विचार करावाच लागतो. ऑगस्ट २०१९ मध्ये जे झालं ते सगळ्यांनी बघितलंय. पाणी ओसरल्यावर माझ्याकडं आलेल्या गाड्यांत लहान जास्त होत्या, कारण त्यांचा हवा ओढायचा पाइप खाली असतो. पण उंच गाड्याही होत्या. मालकांना वाटतं उंच आहे, घाला पाण्यात. इंजिनाने पाणी ओढलं की पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन गेलं. पाण्यात बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. ढकलून बाहेर काढा, बॅटरीची वायर सोडा, फोन करा. विम्यात इंजिन प्रोटेक्ट घ्या, नुसत्या साध्या पॉलिसीत हे बहुतेक बसत नाही.

वीजवाहक (सातारा)

विजेच्या लहान गाडीला का विसरता? माझी टियागो ईव्ही आहे, लहान बॅटरीवाली, १९.२ युनिटची. शहर, एमआयडीसी, आठवड्यातून एकदा सज्जनगड. घरी रात्री लावतो. सज्जनगड चढताना बॅटरी झपकन उतरते आणि खाली येताना काही टक्के परत चढते, ते बघायला मजा येते. पुण्याला मात्र ही नेत नाही. घरात दुसरी गाडी असेल, स्वतःचं पार्किंग असेल, तर याच्याइतकं स्वस्त काही नाही. फ्लॅटमध्ये सोसायटीची परवानगी मिळवणं हाच मोठा घाट आहे.

लहान बॅटरीची गाडी हीच खरी हलकी गाडी. पाचशे किलोमीटरची बॅटरी रोज वीस किलोमीटरसाठी फिरवायची, हे पुन्हा तेच झालं.

स्लाइडरूल (सातारा)

वीजवाहक, शेवटचं वाक्य फार आवडलं. यावरून मूळ प्रश्नाचा राहिलेला भाग घेतो, कारण पुढे काय होणार ते करापेक्षा कॅफे नियमांवर जास्त ठरेल.

कॅफे म्हणजे कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या धुराची सरासरी. २०१७-१८ पासून तिची मर्यादा किलोमीटरला १३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होती, २०२२-२३ पासून ११३. पेट्रोलच्या भाषेत ११३ ग्रॅम म्हणजे लिटरला साधारण २१ किलोमीटर. पण हे लक्ष्य सगळ्यांना सारखं नाही, कंपनीच्या गाड्यांच्या सरासरी वजनावर ते सरकतं. जड गाड्या विकणाऱ्याला सैल, हलक्या विकणाऱ्याला कडक. वर एक ईव्ही विकली की ती मोजताना तिपटीने धरली जाते. म्हणजे गाडी दोनशे किलोने हलकी करण्यासाठी डोकं चालवणाऱ्याला बक्षीस नाही. उलट त्याचंच लक्ष्य अवघड होतं.

पुढचा टप्पा २०२७ चा. सप्टेंबर २०२५ च्या मसुद्यात ९०९ किलोपर्यंतच्या, ४ मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना थोडी सवलत सुचवली होती. त्यावरून कंपन्यांची चांगलीच जुंपली. लहान गाड्या बनवणारे म्हणतात वजनाला मान द्या, दुसरे म्हणतात ही एका कंपनीची सोय आहे आणि सुरक्षिततेवर तडजोड होईल. माझं मत विचाराल तर वजन मोजलंच पाहिजे. लांबी मोजली तर डिकी कापली गेली, सीसी मोजले तर टर्बो आले. वजन मोजा, मग बघा आमची पुढची इंजिनियर मुलं काय करून दाखवतात ते.

ओव्हरड्राइव्ह (सांगली)

काका, तुमच्याशी सगळं नाही पटत, पण वजन मोजण्याचा मुद्दा पटला. उंची हवी म्हणून मी जी गाडी घेतली तिच्यात मला नको असलेलं बरंच काही आलं. सनरूफ मी अजून उघडलेलं नाही.

विटेकरीण

मग उंचीच हवी असेल तर उंच पण हलकी गाडी का नाही? वॅगन आरसारखी. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना माझ्या हॅचबॅकमध्ये वाकून बसावं लागतं. शेजाऱ्यांच्या वॅगन आरमध्ये त्या सरळ खुर्चीत बसल्यासारख्या बसतात.

स्लाइडरूल (सातारा)

अगदी बरोबर, ताई. ती कल्पनाच जपानच्या केई वर्गातली आहे, १९९३ ची. लांबी-रुंदी वाढवता येत नाही ना, मग छत वर न्या, माणसाला ताठ बसवा, म्हणजे पाय कमी जागेत मावतात. वजन आठशे-साडेआठशे किलोच राहतं. उंच गाडीला हायवेवर हवेचा अडथळा जास्त असतो हे खरं. ८० वरून १०० ला गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. पण आपला वापर बहुतेक ५०-८० चाच.

कृष्णाकाठ (सांगली) – धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढ्या प्रतिसादांची अपेक्षा नव्हती.

हिशेब मांडतो. वर्षाला १२,००० किमी. लहान गाडीचं २० धरलं तर ६०० लिटर, उंच गाडीचं १३ धरलं तर ९२३ लिटर. लिटरला १०५ धरले तर वर्षाला सुमारे ३४,००० रुपयांचा फरक. सेल्समन हप्त्यातले तीन हजार सांगतो, पेट्रोलचे महिन्याला जवळजवळ तीन हजार सांगत नाही. त्यावर विमा वेगळा, चार मोठे टायर वेगळे, आणि आरटीओचा कर किमतीच्या टक्क्याने (पेट्रोलला दहा लाखांपर्यंत ११ टक्के) म्हणजे तोही जास्त.

विटेकरीणताईंचं वाचून रविवारी आईला घेऊन वॅगन आर बघायला गेलो. दुसऱ्या शोरूममध्ये, तिथे टेस्ट ड्राइव्ह मिळाली. आई कोणाचा हात न धरता बसली आणि उतरली. १.२ लिटरची पेट्रोल घेतोय, सीएनजी नको, कोकणात जाताना डिकी लागते. ओव्हरड्राइव्ह, गार्डप्लेट पहिल्याच दिवशी बसवणार आहे. काका, कंपन्या वळतील की नाही ते २०२७ ला कळेल. तोवर आपण जी घेतो तीच मागणी म्हणून मोजली जाते, म्हणून मी लहानच घेतोय.

मिस्त्री, बुकिंगच्या आधी अजून काही बघायचं असेल तर सांगा.

टॉर्कमिस्त्री (मिरज)

अभिनंदन. विमा शोरूमचाच घ्यावा लागतो असं म्हणाले तर ऐकू नका, बाहेरून कोटेशन काढून समोर ठेवा, लगेच कमी करतात. पासिंगच्या आधी यार्डात जाऊन गाडी स्वतः बघा : चासी नंबरवरून उत्पादनाचा महिना, पाचही टायरवरची तारीख, दारांच्या रबराखाली रंग. यार्डात उन्हात उभी राहिलेली जुनी गाडी माथी मारतात. पहिले हजार किलोमीटर एकाच वेगाने रेटू नका, आणि गार्डप्लेट बसवायला आणाल तेव्हा ऑइल काढायच्या नटासमोर भोक असलेलीच घ्या, नाहीतर प्रत्येक सर्व्हिसिंगला ती खोलावी लागेल.